लॉर्ड लायन : ढालीवरच्या चित्रांचे न्यायालय

एडिनबरा शहरात वेस्ट रजिस्टर स्ट्रीट नावाच्या लहानशा रस्त्यावर न्यू रजिस्टर हाऊस ही एकोणिसाव्या शतकातली दगडी इमारत उभी आहे. स्कॉटलंडमधील जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी सांभाळण्यासाठी ती बांधली गेली. परंतु तिच्याच एका भागात एक न्यायालयही आहे. या न्यायालयापुढे खून, चोरी, घटस्फोट किंवा भाडेकरूंचे तंटे कधी येत नाहीत. येथे येणारे प्रश्न कुलचिन्हांचे असतात : सोनेरी ढालीवरचा तांबडा सिंह, दुतोंडी गरुड किंवा निळ्यावरचा पांढरा तिरपा क्रूस वापरण्याचा हक्क कोणाला आहे, कोणाला नाही आणि हक्क नसताना कोणी ते चिन्ह वापरले तर त्याचे काय करायचे. या न्यायालयाच्या प्रमुखाला ‘लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स’ म्हणतात. युरोपातील बहुतेक देशांत असे अधिकारी एक तर राजेशाहीबरोबर गेले किंवा समारंभापुरते उरले. स्कॉटलंडमध्ये मात्र या अधिकाऱ्याकडे स्वतंत्र सरकारी वकील आहे, दंड करण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करायचे असेल तर ते देशाच्या वरिष्ठ न्यायालयात करावे लागते. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्या भरजरी पोशाखापेक्षा त्याच्या कार्यालयातील नोंदवहीकडे आणि तिच्यामागच्या तीन कायद्यांकडे पाहावे लागते.

आधी कुलचिन्ह म्हणजे नेमके काय, ते पाहू. बाराव्या शतकाच्या सुमारास पश्चिम युरोपातील सरदार लढाईत आणि शस्त्रस्पर्धांत डोके व चेहरा झाकणारी लोखंडी शिरस्त्राणे वापरू लागले. शिरस्त्राणाच्या आत कोण आहे हे कळेना, म्हणून प्रत्येक जण आपल्या ढालीवर लांबूनही ओळखू येईल असे ठळक रंगांतले चित्र काढू लागला. हळूहळू तेच चित्र त्याच्या निशाणावर, मोहोरेवर, वाड्याच्या दारावर आणि शेवटी थडग्यावर आले, आणि बापाचे चिन्ह थोरल्या मुलाकडे वारसाहक्काने जाऊ लागले. ढालीच्या वर शिरस्त्राण, त्यावर तुऱ्यासारखे बसवलेले एखादे प्राणी वा वस्तूचे चित्र, सोबत एखादे बोधवाक्य आणि मोठ्या लोकांच्या बाबतीत ढालीला दोन्ही बाजूंनी धरून उभे असलेले माणूस किंवा प्राणी, असा पूर्ण देखावा पुढे रूढ झाला. पण त्याचा गाभा ढालच राहिला.

ही चित्रे ओळखणे, लक्षात ठेवणे आणि दोघांनी एकच चित्र घेतले तर वाद मिटवणे हे काम हेरल्ड नावाच्या अधिकाऱ्यांकडे आले. हेरल्ड हा मुळात राजाचा घोषक आणि दूत. तो शत्रूच्या छावणीत निरोप घेऊन जाई, युद्धाची किंवा तहाची घोषणा करी, राज्याभिषेकात आणि अंत्ययात्रांत कोणी कोणाच्या पुढे चालायचे ते ठरवी. हेरल्डांच्या हाताखाली पर्सिव्हंट नावाचे कनिष्ठ अधिकारी असत आणि हेरल्डांच्या वर ‘किंग ऑफ आर्म्स’ असे. स्कॉटलंडच्या राजाचे चिन्ह म्हणजे सोनेरी पार्श्वभूमीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला तांबडा सिंह. त्या सिंहावरूनच तेथील मुख्य हेरल्डाला लायन हे नाव पडले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्कॉटिश राजकोशाच्या हिशेबांत हे नाव आढळते. बाकीच्या हेरल्डांची आणि पर्सिव्हंटांची नावेही अशीच राजाच्या पदव्यांवरून, किल्ल्यांवरून आणि प्रदेशांवरून घेतलेली आहेत : अल्बनी, मार्चमाँट, रॉथसे, आयले, कॅरिक, ब्यूट, युनिकॉर्न. ही नावे आजही वापरात आहेत.

लायनच्या पदाची मुळे याहूनही जुनी आहेत, असा एक दावा नेहमी केला जातो. स्कॉटलंडच्या गेलिक परंपरेत राजाची वंशावळ तोंडपाठ असणारा भाट असे आणि राजा गादीवर बसताना तो ती मोठ्याने म्हणत असे. १२४९ साली स्कोन येथे तिसरा अलेक्झांडर गादीवर बसला, तेव्हा एका डोंगराळ मुलुखातल्या माणसाने पुढे येऊन गेलिक भाषेत त्याच्या पूर्वजांची नावे उलट्या क्रमाने म्हटली, असा वृत्तान्त आहे. पुढे १६५१ मध्ये त्याच स्कोन येथे दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा राजाची वंशावळ मोठ्याने म्हणण्याचे काम लायनने केले. या दोन घटनांमधून, लायन हा त्या भाटाचाच वारस आहे, असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते तो जरा घाईचा आहे. चारशे वर्षांच्या अंतरावरच्या दोन समारंभांत साम्य आहे म्हणून मधली साखळी सिद्ध होत नाही. आणि हेरल्ड ही संस्था स्कॉटलंडमध्ये आली ती फ्रान्स आणि इंग्लंडमधील सरदारी प्रथांबरोबर, गेलिक दरबारातून नव्हे. तरीही लायन कार्यालय आजही वंशावळींची अधिकृत नोंद करते, त्यामुळे भाटाचे काम त्याच्याकडे आले एवढे म्हणायला हरकत नाही.

राजाचा निरोप घेऊन जाणाऱ्या माणसाच्या अंगाला हात लावणे म्हणजे राजालाच हात लावणे, हा नियम स्कॉटलंडमध्ये किती गंभीरपणे घेतला जाई, याचे उदाहरण १५१५ सालचे आहे. त्याआधी दोन वर्षे स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला होता, गादीवर तान्हे मूल होते आणि विधवा राणी मार्गारेट ट्यूडर हिने अँगसच्या तरुण अर्लशी लग्न केल्याने सरदारांमध्ये फूट पडली होती. या गडबडीत अँगसचा आजोबा लॉर्ड ड्रमंड याने लायनपदावर असलेल्या सर विल्यम कमिंग यांच्यावर हात उचलला. शिक्षा म्हणून वयोवृद्ध ड्रमंडला ब्लॅकनेसच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. ती त्याला नंतर परत मिळाली. एका थपडेसाठी सरदाराची जहागीर जावी, हे आज विचित्र वाटते, पण लायनला मारणे हा तेव्हा राजद्रोहच मानला जाई.

मात्र हे कवच पदाचे होते, व्यक्तीचे नव्हे. सर विल्यम स्ट्यूअर्ट यांना १५६८ मध्ये लायन नेमण्यात आले. मेरी राणी पदच्युत होऊन इंग्लंडला पळाली होती आणि राज्याचा कारभार मरेचा अर्ल पाहत होता. त्या अर्लविरुद्ध कट केल्याचा आणि जादूटोणा केल्याचा आरोप स्ट्यूअर्टवर ठेवण्यात आला आणि १५६९ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे त्याला देहान्ताची शिक्षा झाली. त्या काळात राजकीय शत्रूला संपवायचे असेल तर चेटकाचा आरोप सोयीचा असे. त्यामुळे या प्रकरणात जादू किती आणि राजकारण किती, याचा अंदाज वाचकांनी आपला आपण करावा.

या दोन घटनांच्या मधल्या काळात या पदावर सर डेव्हिड लिंडसे हा माणूस होऊन गेला. आजवरच्या लायनांमध्ये सर्वांत जास्त लोकांना ठाऊक असलेले नाव त्याचेच, आणि तेही कुलचिन्हांमुळे नव्हे तर साहित्यामुळे. पाचवा जेम्स तान्हा असल्यापासून लिंडसे त्याच्या सेवेत होता. पुढे राजा मोठा झाल्यावर त्याने लिंडसेला पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सकडे आणि इतर दरबारांत वकिलातीवर पाठवले. हा माणूस कवी आणि नाटककारही होता. चर्चमधील लाचखोरी, सरदारांचा लोभ आणि गरिबांची नागवणूक यांच्यावर कोरडे ओढणारे त्याचे नाटक १५५२ मध्ये कूपर गावी उघड्या मैदानात झाले. राजदरबारातला एक बडा अधिकारी असे नाटक लिहितो आणि तरीही पदावर टिकतो, हे नवलच. कुलचिन्हांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्वाचे काम म्हणजे १५४२ च्या सुमारास तयार झालेला स्कॉटिश कुलचिन्हांचा रंगीत संग्रह. तो आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सतराव्या शतकापूर्वीच्या अधिकृत नोंदवह्या टिकलेल्या नसल्यामुळे त्या काळी कोणत्या घराण्याचे चिन्ह कोणते होते हे ठरवताना अभ्यासकांना या संग्रहाकडे वळावे लागते.

इथवर लायनची सत्ता राजाच्या मर्जीवर आणि जुन्या रिवाजावर चाललेली होती. तिला कायद्याचा आधार मिळाला तो १५९२ मध्ये. त्या वर्षी सहाव्या जेम्सच्या राज्यात स्कॉटिश संसदेने एक कायदा केला. अधिकार नसताना लोक सरदारांची चिन्हे आपल्या वस्तूंवर कोरतात आणि रंगवतात, अशी तक्रार त्यात आहे. उपाय म्हणून लायन आणि त्याच्या हेरल्डांना देशभरातील सरदार आणि जमीनदार यांच्या चिन्हांची तपासणी करण्याचा, सारखी दिसणारी चिन्हे वेगळी करण्याचा आणि सगळी आपल्या वह्यांत नोंदवण्याचा अधिकार देण्यात आला. हक्क नसताना चिन्ह वापरणाऱ्याची, ज्यावर ते काढले असेल ती वस्तूच राजाच्या नावाने जप्त करायची आणि शिवाय त्याला शंभर पौंड दंड करायचा. दंड न भरल्यास जवळच्या तुरुंगात टाकायचे. त्या दंडाची रक्कम लायन आणि त्याच्या हेरल्डांनी वाटून घ्यायची होती. ज्याने गुन्हा शोधायचा, ज्याने शिक्षा ठोठवायची आणि ज्याच्या खिशात दंड जायचा तो एकच, ही व्यवस्था आजच्या माणसाला धक्कादायक वाटेल, पण त्या काळातील बहुतेक दरबारी पदांचा पगार असाच वसूल होत असे.

कायदा झाला, तरी तो अमलात आला तो थोडाच. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत राजा लंडनला गेला, यादवी युद्ध झाले, इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजांनी स्कॉटलंड ताब्यात घेतले आणि राजेशाही काही काळ संपुष्टात आली. राजेशाही परत आल्यावर, सर चार्ल्स अर्स्किन ऑफ कँबो हे लायन असताना, १६७२ मध्ये संसदेने दुसरा कायदा केला. आज या पदाची सारी ताकद ज्यावर उभी आहे तो हाच कायदा. त्याने असे ठरवले की चिन्ह वापरणाऱ्या प्रत्येकाने एक वर्ष आणि एक दिवसाच्या आत आपले चिन्ह, ते कोणत्या पूर्वजापासून आले त्याच्या पुराव्यासह, लायनकडे सादर करावे. सरदारांनी वीस मर्क (तेव्हाचे स्कॉटिश नाणे), नाइट व बॅरन यांनी दहा मर्क आणि इतरांनी पाच मर्क शुल्क भरावे. घराण्यांच्या धाकट्या शाखांना थोडा फरक केलेली चिन्हे द्यावीत. ज्यांच्याकडे चिन्ह नाही अशा ‘सद्गुणी आणि योग्य’ माणसांना नवीन चिन्ह देण्याचा अधिकारही लायनला मिळाला. आणि या सगळ्यातून तयार होणारी नोंदवही हाच यापुढे स्कॉटलंडमधील कुलचिन्हांबाबतचा अंतिम, न बदलता येणारा आधार राहील, असे संसदेने जाहीर केले.

आपल्याकडे शेत कोणाचे असा वाद निघाला की लोक आधी सातबारा काढायला सांगतात; स्कॉटलंडमध्ये ढाल कोणाची हा प्रश्न १६७२ पासून असाच एका उताऱ्यावर येऊन थांबतो. नोंदवहीत नाव असेल तर चिन्ह तुमचे, नसेल तर कितीही पिढ्या वापरले तरी ते तुमचे ठरत नाही. वर्षभरात काम संपणार नव्हतेच. नोंदी पुढे कित्येक वर्षे येत राहिल्या आणि अनेक घराण्यांनी तेव्हा नोंद केली नाही ती नाहीच. पण वही बंद कधीच झाली नाही. १६७२ मध्ये सुरू झालेली तीच नोंदवही आजही पुढे चालू आहे आणि नवीन चिन्हाचे हाताने रंगवलेले चित्र आजही तिच्यात घातले जाते.

या नोंदवहीमुळे स्कॉटिश पद्धतीतला एक नियम फार काटेकोर झाला, आणि परदेशी माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज नेमका याच नियमाबद्दल असतो. मूळ, फरक न केलेले कुलचिन्ह एका वेळी एकाच माणसाचे असते. बापाच्या पश्चात ते वारसाकडे जाते. धाकट्या मुलाला तेच चिन्ह हवे असेल तर त्याने लायनकडे अर्ज करून त्यात फरक करून घ्यावा लागतो. हा फरक बहुधा ढालीभोवती रंगीत किनार घालून केला जातो. किनारीचा रंग आणि तिची नागमोडी, दातेरी वगैरे रेषा यांवरून जाणकाराला हा कितव्या मुलाचा कितवा मुलगा ते सांगता येते. म्हणजे ‘मॅकडॉनल्ड आडनावाचे कुलचिन्ह’ असे काही कायद्यात अस्तित्वातच नाही. एडिनबराच्या पर्यटक दुकानांत आडनावानुसार मांडलेल्या ढाली विकत घेणारा माणूस दुसऱ्याच कोणाची तरी मालमत्ता भिंतीवर टांगत असतो. कुळातील, म्हणजे ‘क्लॅन’मधील, सामान्य माणसाला परवानगी आहे ती कुळाच्या प्रमुखाच्या तुऱ्याचे चित्र बक्कल लावलेल्या पट्ट्याच्या वर्तुळात घालून टोपीवर लावण्याची. तो पट्टा सांगतो की हे चिन्ह माझे नाही, मी ज्याचा अनुयायी आहे त्याचे आहे.

१७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या संसदा एकत्र झाल्या. त्या कराराच्या चोविसाव्या कलमात लायनचा उल्लेख आहे : त्याची दरबारातील जागा कोणती असावी हे राणीने ठरवावे. स्कॉटलंडचा कायदा आणि न्यायालये कराराने शाबूत राहिली आणि त्यांच्याबरोबर लायनचे न्यायालयही राहिले. पण राजा लंडनला, संसद लंडनला. एडिनबरातील या पदाला पूर्वीसारखे काम उरले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तर ते सरळसरळ वतन झाले. १७९६ मध्ये किनूलच्या अर्लकडे हे पद गेले, १८०४ मध्ये त्याच्या मुलाकडे आले आणि तो मुलगा थेट १८६६ पर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षे, लायन राहिला. प्रत्यक्ष काम नायब पाहत असत आणि सर्व कारभार पक्षकारांकडून मिळणाऱ्या शुल्कावर चालत असे. ज्याचे उत्पन्न चिन्हे देण्यावर अवलंबून आहे, तो चिन्हे देताना फार चौकशी करणार नाही, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

अर्ल वारल्यावर सरकारने संधी साधली आणि १८६७ मध्ये तिसरा महत्त्वाचा कायदा केला. लायनला आणि त्याच्या लिपिकाला सरकारी पगार ठरवून दिला गेला, पक्षकारांचे शुल्क सरकारी तिजोरीत जमा करण्याचा नियम झाला आणि हेरल्ड व पर्सिव्हंट यांची संख्या प्रत्येकी सहावरून तीनवर आणण्यात आली. हा कायदा वाचायला अगदी रूक्ष आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला क्वचितच दोन ओळी मिळतात. तरीही या पदाला मोडीत निघण्यापासून त्यानेच वाचवले, असे मला वाटते. एक तर लायनचा स्वतःचा आर्थिक स्वार्थ संपला, आणि दुसरे म्हणजे परवानगीवाचून चिन्ह वापरणे हा आता सरकारचा महसूल बुडवण्याचा प्रकार ठरला. प्रतिष्ठेचे नुकसान झाले म्हणून कोणतेही आधुनिक सरकार न्यायालय चालवत बसणार नाही. महसूल बुडतो म्हटल्यावर मात्र त्याला लक्ष घालावेच लागते.

वतनदारांच्या जागी आता अभ्यासक आणि कायदेपंडित आले. १८९० ते १९२६ या काळात लायन असलेल्या सर जेम्स बॅल्फर पॉल यांनी नोंदवहीतील सर्व चिन्हांची, ढालीवर काय आहे त्यानुसार लावलेली सूची छापून काढली. त्यामुळे एखाद्या थडग्यावर तीन तारे दिसले तर ते कोणाचे, हे घरबसल्या शोधता येऊ लागले. १९४५ ते १९६९ या काळातील सर टॉमस इनेस ऑफ लर्नी यांनी या पदाला पुन्हा चैतन्य दिले. कुळे, त्यांचे प्रमुख, टोपीवरची गरुडाची पिसे, निशाणे या सर्वांबाबत आज प्रचलित असलेल्या अनेक नियमांवर त्यांचीच छाप आहे. प्रमुखाला तीन पिसे, शाखाप्रमुखाला दोन, स्वतःचे चिन्ह असलेल्या माणसाला एक, हा संकेत आज डोंगराळ प्रदेशातील क्रीडा मेळाव्यांत सहज पाहायला मिळतो. जुन्या परंपरा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या इनेस यांच्या काही कल्पना मुळात त्यांच्याच आहेत, अशी टीका नंतरच्या इतिहासकारांनी केली आहे आणि ती सर्वस्वी चुकीची नाही. त्यांचे चिरंजीव सर माल्कम इनेसही १९८१ ते २००१ या काळात लायन होते. २००८ मध्ये डेव्हिड सेलर हे कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक आणि २०१४ मध्ये जोसेफ मॉरो हे वकील या पदावर आले.

लायन दोन वेगळ्या भूमिका पार पाडतो, हे ध्यानात घेतले तर त्याचे काम नीट उलगडते. नवीन चिन्ह द्यायचे की नाही, दिले तर त्यावर काय असावे, हे तो राजाचा प्रतिनिधी या नात्याने ठरवतो. तेथे त्याचा विवेक अंतिम आहे. मात्र अस्तित्वात असलेल्या चिन्हाचा खरा वारस कोण, किंवा अमक्याने चिन्ह चोरले की नाही, हे ठरवताना तो न्यायाधीश असतो आणि त्याच्या निकालावर कोर्ट ऑफ सेशन या वरिष्ठ न्यायालयात आणि तेथून लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. याशिवाय त्याच्याकडे एक अगदी व्यावहारिक कामही आहे : न्यायालयांचे समन्स बजावणाऱ्या आणि जप्तीचे हुकूम अमलात आणणाऱ्या मेसेंजर-अ‍ॅट-आर्म्स या अधिकाऱ्यांना नेमणूकपत्र लायनकडूनच मिळते. राजाचा निरोप पोहोचवणाऱ्या हेरल्डाच्या मूळ कामाचा हा सरळ वारसा आहे.

न्यायाधीश म्हणून त्याचा हात किती लांब पोहोचतो, हा प्रश्न कुळांच्या प्रमुखपदावरून चिघळला. आर्डगोरच्या मॅक्लीन घराण्यातील वाद १९३० च्या दशकाच्या अखेरीस लायनपुढे आला आणि तेथून वर गेला. कोर्ट ऑफ सेशनने १९४१ मध्ये निर्णय दिला की अमुक व्यक्ती कुळाची प्रमुख आहे की नाही, एवढाच वाद असेल तर तो सोडवण्याचा अधिकार लायनला नाही, कारण प्रमुखपद ही सामाजिक प्रतिष्ठा आहे, कायदेशीर हक्क नाही. पण कुळाच्या नावाचे मूळ, फरक न केलेले चिन्ह कोणाला मिळावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहिला. आणि ते चिन्ह ज्याला मिळते तोच प्रमुख, असे सारे मानतात. थोडक्यात, पुढच्या दाराने नाकारलेला अधिकार मागच्या दाराने जवळपास जसाच्या तसा टिकला. १६८१ पासून प्रमुखाविना असलेल्या बुकॅनन कुळाला २०१८ मध्ये लायन न्यायालयाने वारस मान्य केला तो याच मार्गाने.

शेजारच्या इंग्लंडशी तुलना केली की स्कॉटलंडचे वेगळेपण लगेच लक्षात येते. तेथे कुलचिन्हांचे काम लंडनमधील कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. ही संस्था तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये स्थापन केली; तिच्यात एक नव्हे तर तीन किंग ऑफ आर्म्स आहेत आणि सर्वांच्या वर अर्ल मार्शल म्हणून नॉरफोकचे ड्यूक. चिन्हचोरीचा खटला चालवायला इंग्लंडमध्येही एक प्राचीन न्यायालय आहे, पण ते अठराव्या शतकात झोपी गेले ते एकदम १९५४ मध्ये जागे झाले. एका नाट्यगृहाने मँचेस्टर शहराचे चिन्ह आपल्या पडद्यावर आणि मोहोरेवर वापरले, एवढी ती तक्रार होती. महापालिका जिंकली, पण त्या खटल्यातील न्यायाधीशांनी, या न्यायालयाला कायद्याचा ठोस आधार दिल्याशिवाय ते पुन्हा भरवू नये, असे सुचवले. त्यानंतर ते भरलेले नाही. स्कॉटलंडला ही अडचण कधी आली नाही, कारण तेथे १५९२, १६७२ आणि १८६७ चे तीन कायदे होते.

हे कायदे किती जिवंत आहेत, याची साक्ष अधूनमधून मिळते. उभ्या सिंहाचे पिवळे निशाण स्कॉटलंडचा राष्ट्रध्वज समजून फुटबॉलच्या मैदानावर सर्रास फडकवले जाते, पण ते राजाचे वैयक्तिक निशाण आहे. जनतेला ते हातात धरून फडकवण्याची सवलत पाचव्या जॉर्जने आपल्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने दिली. १९७८ मध्ये सेंट ऑल्बन्स येथील एका कापड व्यापाऱ्याने हे चिन्ह पलंगपोसांवर छापले, तेव्हा ते थांबवेपर्यंत त्याला दिवसाला १०० पौंड दंड झाला. २०१५ मध्ये एअर युनायटेड या फुटबॉल क्लबला आपले बोधचिन्ह नोंदणीवाचून ढालीच्या आकारात वापरल्याबद्दल विचारणा झाली आणि क्रीडाप्रेमींना चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा कायदा वर्तमानपत्रात वाचायला मिळाला. सर्वांत गाजलेले प्रकरण डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचे. अ‍ॅबरडीनशरमधील गोल्फ मैदानाच्या जाहिरातीत कंपनीने एक भपकेदार कुलचिन्ह वापरले होते, त्याची स्कॉटलंडमध्ये नोंद नव्हती. लायन न्यायालयाने हरकत घेतल्यावर ते मागे घ्यावे लागले आणि २०१२ मध्ये रीतसर अर्ज करून, शुल्क भरून कंपनीला वेगळे चिन्ह घ्यावे लागले. त्यात सिंह आहे, दुतोंडी गरुड आहे आणि ‘कधीही हार मानू नका’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य आहे.

सामान्य माणसाला लायन दिसतो तो मात्र समारंभांत. ११ सप्टेंबर २०२२ रोजी एडिनबराच्या मर्कॅट क्रॉस या जुन्या बाजारस्तंभावरून, तुताऱ्यांच्या निनादात, तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची घोषणा लायन जोसेफ मॉरो यांनी वाचली. त्या वेळी सर्व अधिकाऱ्यांच्या अंगावर राजचिन्ह भरलेले टॅबर्ड नावाचे बिनबाह्यांसारखे दिसणारे, दोन्ही बाजूंनी लोंबणारे अंगरखे होते. त्याचे कापड दर्जानुसार बदलते, लायनचे मखमली, हेरल्डांचे सॅटिनचे, पर्सिव्हंटांचे रेशमी. लायनसाठी २००३ मध्ये एक मुकुटही नव्याने घडवण्यात आला. तो स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या नमुन्यावर आहे आणि त्याच्या वरच्या कमानी काढता येतात, म्हणजे राज्याभिषेकासारख्या प्रसंगी राजाशी बरोबरी केल्यासारखे दिसू नये.

स्वतःचे चिन्ह हवे असलेल्या माणसाने करायचे काम यापेक्षा फारच साधे आहे. तो लायनकडे अर्ज करतो, त्यात आपला जन्म, पूर्वज, शिक्षण आणि काम यांची माहिती पुराव्यांसह देतो. चिन्हाचा आराखडा अर्जदाराच्या इच्छेनुसार पण नियमांत बसवून ठरतो : धातूच्या रंगावर (सोनेरी किंवा रुपेरी) धातूचा रंग नको, दुसऱ्या कोणाच्या चिन्हाशी गोंधळ होईल असे साम्य नको. आडनाव जुन्या कुळातले असेल तर बहुधा त्या कुळाच्या चिन्हातील एखादा घटक ठेवावा लागतो. चित्रकार ते सनदेवर रंगवतो, लिपिक त्याची नोंदवहीत नोंद घेतो आणि भरलेले शुल्क १८६७ पासून चालत आलेल्या रीतीनुसार सरकारी तिजोरीत जमा होते.